कुकरची रिंग आणि गाडीचं रबर

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होईनाशी झाली की आपण काय करतो? झाकण काढून आधी रिंग बघतो. कडक झाली का, चिरली का, सैल पडली का? लगेच नवा कुकर आणायला कोणी धावत नाही. हेच शहाणपण गाडीच्या बाबतीत मला यंदा जरा उशिराच सुचलं. गाडी म्हणजे ‘ह्यांचं खातं’ असं आपण धरून चालतो ना, त्याचा हा परिणाम.

आम्ही लालबागला राहतो. गाडी सेकंडहँड घेतली ती मामंजींसाठी. दर पंधरवड्याला त्यांना परळला के. ई. एम.मध्ये न्यावं लागतं. अंतर फार नाही, पण त्यांना चालवत नाही आणि भर पावसात एवढ्याशा भाड्याला टॅक्सीवाला थांबत नाही. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती धरली ती धरलीच. १९८२च्या संपात गिरणी सुटली, खोकला काही सुटला नाही.

जुलैत एकदा परत आल्यावर त्यांचा लेंगा मागून ओला दिसला. वयाप्रमाणे काही झालं असेल असं समजून मी मुद्दाम काही बोलले नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी पिशवीतून मेणकापडाचा तुकडा काढला आणि गुपचूप सीटवर अंथरला. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, पाऊस आहे, पाणी यायचंच. आधीच तुमचा एवढा खर्च झालाय.” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओल्या सीटला बुरशीचा वास होता, आणि तो छातीच्या माणसाला किती वाईट हे का मला ठाऊक नव्हतं?

मेकॅनिकने चारही दारांची सगळी रबरं बदलायला सांगितली. म्हटलं, आधी पाणी येतंय कुठून ते तर बघू. रविवारी उघडीप मिळाली. सीटवर आणि पायाखाली कोरडी वर्तमानपत्रं पसरून मी खडू घेऊन आत बसले. हे बाहेरून मगाने पाणी ओतत होते, आधी खालच्या बाजूला आणि मग हळूहळू वर. एकदम टपावर ओतलं की ते कुठून शिरलं हे कळत नाही. जिथून थेंब आला तिथे मी खडूची खूण केली. मग दारात दहाची नोट धरून दार लावलं आणि ती ओढून पाहिली. नोट सहज सुटली की तिथलं रबर दबलं असं समजा.

दोष एकाच दारात निघाला, मागच्या डाव्या. चौकटीचं रबर वरच्या कोपऱ्यात आकसलं होतं आणि काचेच्या बाहेरची, तळाशी असते ती काळी पट्टी निम्मी तुटून गेली होती. गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर उन्हात उभी राहिली की रबर कडक होऊन चिरतं, त्यातलंच हे.

पट्टी आम्ही घरीच बसवली. काच पूर्ण खाली घ्यायची. चपट्या लाकडी उलथन्याला फडकं गुंडाळून एका टोकाने जुनी पट्टी हलकेच वर उचलायची, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. खाचेतली माती पुसून जागा कोरडी करायची. नवी पट्टी आणताना जुनी बरोबर न्या, कारण डावी-उजवी आणि पुढची-मागची वेगवेगळी असते. बसवताना एका टोकापासून तळहाताने दाबत जायचं. हातोडी अजिबात नको.

चौकटीचं रबर बसवताना जोड खालच्या बाजूला ठेवा आणि ते मुळीच ताणू नका. ताणलेलं रबर पुढे आकसतं आणि कोपऱ्यात पुन्हा फट पडते. नव्या रबराने दार काही दिवस घट्ट लागेल, त्याची काळजी नको.

आता महत्त्वाचं. पट्टी कितीही चांगली असली तरी थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साठून पत्रा गंजतो. आमचीही बुजलेलीच होती. लाकडी काडीने मोकळी केली, तर लाल पाण्याची धार लागली! पावसाळ्याआधी एवढं तरी कराच.

रबराला खोबरेल किंवा रॉकेल लावू नका, तेलाने ते फुगतं आणि खराब होतं. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, थोडं ग्लिसरीन किंवा सिलिकॉनचा स्प्रे पुरतो. डिकीचं रबरही तपासा. त्याच्या फटीतून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून जास्त भीती.

आणि रबर नवं आहे म्हणून तुंबलेल्या हिंदमाताच्या पाण्यात गाडी घालू नका हो. रबर पाऊस अडवतं, पूर नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. पाणी चढताना दिसलं की गाडीचा मोह सोडायचा आणि काच खाली होते आहे तोवर माणसांना बाहेर काढायचं.

असो. आमची सीट दोन दिवस पंख्याखाली वाळवली, वास गेला. खर्च मेकॅनिकने सांगितला होता त्याच्या पावही झाला नाही. मामंजी आता त्याच खिडकीशी कोरडे बसतात. मेणकापड मात्र पिशवीत आहेच. परवा मी म्हटलं, “आता कशाला हवंय ते?” तर म्हणाले, “राहू दे. विसर्जनाला रस्त्यावर बसायला होईल.”

तुमच्या घरीही असं न बोलणारं कोणी मागच्या सीटवर बसत असेल. एकदा त्या सीटवरून हात फिरवून बघा.