संशोधनातील लबाडी आणि कोरडवाहू कापूसकरी

शास्त्रज्ञाने केलेली लबाडी ही त्याच्या बिरादरीची खाजगी बाब आहे, तिचा निवाडा संपादकांनी आणि चौकशी समित्यांनी करावा, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात दृढ आहे. मानवत-सेलूच्या बाजारात कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याला हा समज परवडणारा नाही. ‘बिकानेरी नरमा बीटी’चे प्रकरण म्हणूनच पुन्हा उकरून काढणे प्राप्त आहे.

२००२ साली मॉन्सॅन्टोच्या जनुकाचा कापूस जालन्याच्या महिको कंपनीमार्फत या देशात आला. बियाणे संकरित, म्हणजे दरसाल नवे विकत घ्यावयाचे. २००५ च्या हंगामात ४५० ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने नांदेडच्या केंद्रात सिद्ध केलेला आपला ‘नांदेड-४४’ मागे पडला, कारण त्याच्यात ते जनुक नव्हते. अशा वेळी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि दिल्लीतील वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र यांनी स्वदेशी जनुकरचनेचा कापूस पुढे आणला. तो सरळ वाण होता. घरचे बी राखून पुन्हा पेरता येणार होते. २००८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, २००९ मध्ये बीटी ‘नांदेड-४४’लाही मिळाली. कंपन्यांच्या मक्तेदारीला सार्वजनिक क्षेत्राने दिलेले उत्तर म्हणून त्याचा डांगोरा पिटला गेला, आणि खरोखर तसे उत्तर असते तर आम्हीही त्याचे ढोल वाजविले असते.

एकाच हंगामानंतर विक्री थांबली. कारणाची जाहीर चर्चा सुरू व्हायला दोन वर्षे लागली. बियाण्यात मॉन्सॅन्टोचीच ‘मॉन ५३१’ ही रचना निघाली होती! भेसळ झाली असावी, असा खुलासा झाला. परंतु भेसळ व्हायला मूळ माल तरी असावा लागतो; सोपोरी समितीला २०१२ मध्ये त्या वाणात ‘बीएनएलए १०६’ ही स्वतःची म्हणविलेली रचना आढळलीच नाही. मग शोधनिबंध छापला जाताना, चाचण्या होताना, मंजुरीच्या टेबलावर कागद फिरताना कोणी काय तपासले?

व्यक्तीच्या नीतिमत्तेवर सारे ढकलणे सोपे आहे. पण जेथे बढती निबंधांच्या संख्येवर मिळते आणि मंत्र्याला हंगामापूर्वी घोषणा हवी असते, तेथे ‘प्रयोग फसला’ असे लिहिण्याची सोयच उरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून प्राध्यापकांची गुणमोजणी सुरू केली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक त्यावर माजले, आणि २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. ज्याने रोग लावला तोच पुढे औषध घेऊन आला, हे नोंदवून ठेवलेले बरे.

या असत्याचा लाभ कोणाला झाला? ज्यांच्याविरुद्ध ते बियाणे उभे राहणार होते, त्याच कंपन्यांना. ‘सरकारी संशोधन हे असेच’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही आयते हत्यार मिळाले. परभणीच्या विद्यापीठाने महाबीजच्या साह्याने बीटी ‘नांदेड-४४’ पुन्हा जाहीर केला तो २०१८ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातील बीटी कापूस पोखरून काढला होता. मधली नऊ वर्षे कोरडवाहू शेतकऱ्याने पिशव्या कंपन्यांच्याच घेतल्या, आणि पुष्कळांनी त्या दुकानदाराच्या उधारीवर घेतल्या. चौकशी अहवालात या नऊ वर्षांचा हिशेब कोठे आहे?

सार्वजनिक संशोधन मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ते जनतेच्या पैशावर चालते, म्हणून त्याच्या नोंदवह्या जनतेला खुल्या असाव्यात, एवढीच आमची मागणी आहे. दरवर्षी १८ मे रोजी परभणीच्या विद्यापीठात खरीप मेळावा भरतो. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तेथे शेतकऱ्यांसह जावे, आणि शिफारस होणाऱ्या प्रत्येक वाणाच्या चाचण्यांचे आकडे, फसलेल्या चाचण्यांसकट, मराठीत मागावेत.