अब्बांची पेटी आणि पंधरा रुपये किलो

गेल्या उन्हाळ्यात बीडला माझ्या माहेरचं जुनं माळवदाचं घर पाडायला घेतलं. मी शाळेला सुट्टी लागताच मदतीला गेले. भांडी, गाद्या, पलंग सगळं शेजारच्या भाड्याच्या खोल्यांत हलवलं आणि शेवटी अब्बांची पत्र्याची पेटी निघाली. आत बारा मोठ्या तबकड्या, शंभराच्या वर कॅसेटी आणि तीस-चाळीस सीड्या. प्रत्येक कॅसेटवर अब्बांच्या वळणदार उर्दू अक्षरात नाव आणि तारीख.

भाईजान म्हणाले, "हे आता कोण ऐकणार? सगळं मोबाईलवर आहे." दारात भंगारवाला उभाच होता. त्याने पेटी उचलून पाहिली आणि भाव सांगितला, पंधरा रुपये किलो. पेटीचा पत्रा वेगळा.

अम्मी ओट्यावर बसून तसबीह फिरवत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "बेचो नक्को बाबा. तुमारे अब्बा का लिख्या हुआ है उसपे."

भंगारवाला बाकीचं सामान घेऊन गेला. पेटी राहिली. पण भाईजानच्या प्रश्नाला उत्तर कुणीच दिलं नव्हतं, आणि तो प्रश्न काही चुकीचा नव्हता. हातातल्या फोनवर हवं ते गाणं, हवी ती नात क्षणात लागत असताना तबकड्या आणि कॅसेटी कशाला जपायच्या? आणि आजच्या काळात त्या विकत तरी कोण घेतं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. आपल्याकडे बसस्टँडसमोर कॅसेटची दुकानं होती ती आता मोबाईलची झाली आहेत. मुंबईच्या काळा घोडा भागातलं रिदम हाउस म्हणजे संगीतवेड्यांचं माहेरघर. तेसुद्धा २०१६ साली बंद झालं. त्यामुळे तबकडीचा धंदा संपला असंच कुणालाही वाटेल. पण अमेरिकेतले आकडे वेगळंच सांगतात. तिथे २०२२ साली मोठ्या तबकड्या ४ कोटींच्या वर खपल्या आणि सीड्या ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. १९८७ नंतर पहिल्यांदाच तबकडीने सीडीला मागे टाकलं. आपल्याकडेही मुंबई-पुण्यात तरुण मुलं दोन-तीन हजार रुपये मोजून एक तबकडी घेतात. २०२४ साली तर नवी मुंबईत तबकड्या छापण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला.

हा झाला हौसेचा बाजार. पण आपल्या जिल्ह्यात दुसरा एक बाजार आहे, त्याची बातमी कुठे येत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा मोबाईलच्या दुकानात गर्दी बघा. ट्रॅक्टरवाला पेनड्राइव्ह भरून घेतो, कुणी मेमरी कार्ड भरून घेतो. कव्वाली, भीमगीतं, भारूड, जुनी सिनेमाची गाणी, जे हवं ते. उसाच्या फडात रेंज नसते आणि रोजच्या डेटाचा खर्च परवडत नाही. मग गाणं खिशात घालूनच न्यावं लागतं. म्हणजे वस्तू म्हणून संगीत विकत घेणारे दोघंच उरले. एक ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे तो, आणि दुसरा ज्याच्याकडे रेंज नाही तो. मधल्या आपण लोकांनी ते सोडून दिलं, कारण आपल्याला वाटतं, सगळं तिथे वर कुठेतरी आहेच.

खरंच आहे का? ॲपवरची गाणी आपण विकत घेत नाही, महिन्याच्या भाड्याने घेतो. मालकाने करार संपवला की गाणं जातं. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांनी त्यावर वर्षानुवर्षं आपल्या आवडीच्या याद्या लावल्या होत्या, त्यांना दुसरीकडे नव्याने सुरुवात करावी लागली. अब्बांच्या बारा तबकड्या मात्र कुणी दुकान बंद केलं म्हणून मुक्या झाल्या नाहीत.

तबकडीमुळे काय काय टिकलं याचा विचार केला तर नवल वाटतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला. त्या वेळी एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर आळवायचा राग त्यांनी तेवढ्या वेळात बसवला. गाण्याच्या शेवटी त्या आपलं नाव स्वतःच सांगत, कारण तबकडी छापायला जर्मनीला जायची आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. आपल्या मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. ते १९३७ साली वारले. आज त्यांचं गाणं आपल्याला ऐकता येतं ते केवळ तेव्हाच्या तबकड्यांमुळे. त्या कुणीतरी घरात जपल्या, भंगारात घातल्या नाहीत, म्हणून. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्थाच काढली. चोरबाजारात, भंगाराच्या ढिगात बसून या लोकांनी आपल्या संगीताचा इतिहास वेचून काढला.

आणि हे फक्त गाण्याचं नाही. कैरोचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांनी संपूर्ण कुरआनची तिलावत मुद्रित केली आणि १९६१ साली ती तबकड्यांवर बाहेर आली. संपूर्ण कुरआन अशा रीतीने मुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ. कारी अब्दुल बासित यांच्या कॅसेटी तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी होत्या. माझ्या लहानपणी रमजानच्या पहाटे सहरीला चुलीशेजारी हाच आवाज असायचा. त्याच आवाजावर मी मद आणि गुन्ना शिकले, नंतर मदरशात बाईंनी फक्त दुरुस्त केलं.

इथे काही वाचक भगिनी मनात म्हणतील, बाई, संगीताचं एवढं कौतुक आपल्या मासिकात? उलेमांमध्ये या विषयावर मतभेद आहेत हे मला माहीत आहे आणि तो निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. अब्बांनी स्वतःपुरती एक रीत ठेवली होती. पेटीच्या वरच्या कप्प्यात किरअत आणि नात, खाली कव्वाली आणि गझल. अजान झाली की टेप बंद. कुणी काय ऐकावं हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. मी आज बोलतेय ते जपण्याबद्दल. कारण त्या पेटीत पुढे जे सापडलं, ते कुठल्याच कंपनीने कधी विकलेलं नव्हतं.

खालच्या कप्प्यात एका कॅसेटवर लिहिलं होतं, "शादी, १९८९". माझ्या धाकट्या खालाच्या लग्नाची. अब्बांनी टेपरेकॉर्डर मागून आणून हळदीच्या रात्री अंगणात ठेवला होता. त्या रात्री बायका ढोलक घेऊन बसल्या होत्या. आपल्या दखनीतली लग्नाची गाणी, समधनीला चिडवणारी, नवरीला रडवणारी. त्यातली किती आज कुणाला येतात? मला दोन येतात, तीही अर्धी. माझ्या मुलीला एकही नाही. तिच्या मैत्रिणीच्या लग्नात डीजे होता.

मी ती कॅसेट लगेच टेपमध्ये घालणार होते, पण माझ्या भाच्याने हात धरला. "फुफी, थांबा. अशी लावली तर पट्टी तुटेल." तो बारावीला आहे, इंटरनेटवर बघून त्याने सगळं शिकून घेतलं होतं. कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती आणि आतली नमद्याची छोटी गादी निघून पडली होती. त्याने पाच स्क्रू काढून दोन्ही चकऱ्या अलगद उचलल्या आणि दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत बसवल्या. सुक्या मऊ कापडाने बुरशी टिपली. मग पट्टी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. टेपच्या इयरफोनच्या भोकातून एक वायर संगणकाला जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज भरून घेतला.

पहिली पाच मिनिटं नुसती खरखर. मग ढोलक. मग माझ्या नानीचा आवाज. नानी १९९४ मध्ये गेली, तेव्हा मी शाळेत होते. तिचा चेहरा फोटोत आहे, पण आवाज मी विसरून गेले होते. ऐकल्यावर कळलं की विसरले नव्हते.

अम्मी शांतपणे ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला, "ये कौन है, पैचाने?" एक बाई मराठीतून ओवी म्हणत होती. त्या आमच्या शेजारच्या काकू. हळदीला त्या आल्या होत्या आणि ढोलकवरच्या बायकांनी त्यांना आग्रह केला होता. त्यांनी ओवी म्हटली, नानीने ढोलक धरला. पुढे काकूंची मुलं पुण्याला गेली, घर विकलं. त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या घरात कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. भाच्याने तेवढा तुकडा वेगळा काढून काकूंच्या मुलाला पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, बराच वेळ ते बोललेच नाहीत.

एकंदर अकरा मिनिटं हाती लागली. उरलेल्या भागावर कुणीतरी नंतर सिनेमाची गाणी भरली होती. कुणी ते मला माहीत आहे. मीच. नववीत असताना. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे चौकोन मोडून ठेवले असते तर त्यावर पुन्हा भरता आलंच नसतं.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं पुरं होईल. २०१६ साली ईद-ए-मिलादला अब्बांनी घरात नात म्हटली होती. मी ती माझ्या फोनवर घेतली. कुठे उतरवून ठेवली नाही, फोनमध्ये आहेच म्हणून. दोन वर्षांनी फोन बंद पडला. दुरुस्तीच्या दुकानात तो चालू झाला, पण आतलं सगळं पुसूनच. २०१९ मध्ये अब्बा गेले. १९८९ ची नानी आहे, पण २०१६ चे अब्बा नाहीत.

तरी पण तबकडी आणि कॅसेट म्हणजेच सुरक्षित, असं मी म्हणणार नाही. पेटीतल्या सीड्यांपैकी घरच्या संगणकावर भरलेल्या जवळजवळ सगळ्या वाया गेल्या होत्या. काहींचा चकाकणारा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. एक तबकडी उन्हाने वाकली होती. कुठलीच वस्तू कायम राहत नाही. पण वस्तू दिसते तरी. ती पेटीत आहे, तिच्यावर नाव आहे, घर पाडताना ती कुणाच्या तरी हाताला लागते आणि कुणीतरी म्हणतं, विकू नको. फोनमधल्या फाईलसाठी असं म्हणायला कुणी ओट्यावर बसलेलं नसतं.

म्हणून माझी विनंती अशी. घरातली जुनी पेटी भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. विकत आणलेली कॅसेट दुसरीकडे मिळेल, पण हाताने नाव लिहिलेली, घरात भरलेली कॅसेट बाजूला काढा. बुरशी असेल तर घाईने टेपमध्ये घालू नका. आवाज संगणकावर उतरला की त्याच्या तीन प्रती करा, एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी असलेल्या भावा-बहिणीकडे. आणि ज्यांची आई, सासू, नानी, दादी आज हयात आहे त्यांनी जुन्या पेटीची वाट बघू नये. आज संध्याकाळी मगरिबनंतर त्यांच्याजवळ बसा, गाणं म्हणा म्हणू नका, आधी चहा द्या. मग विचारा, तुमच्या लग्नात काय म्हटलं होतं?

या वर्षी माझ्या सातवीच्या मुलींना मी उर्दूच्या तासाला हाच अभ्यास दिला. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईकडून एक दखनी गाणं लिहून आणायचं. चौतीस मुलींपैकी नऊ जणींनी आणलं. बाकीच्यांनी सांगितलं, घरात कुणाला येत नाही.

नवीन घराचं प्लास्टर झालं आहे. भाईजानने पेटीसाठी भिंतीत एक कोनाडा ठेवायला सांगितला, मी न म्हणता. त्यांनी एक जुना टेपही कुठून तरी आणला आहे. अम्मी मात्र टेप लावत नाहीत. त्या कॅसेटी काढून एक एक नाव वाचतात आणि परत ठेवतात.

आपल्या घरात अशी पेटी असेल तर जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.