वुडस्टॉकचा तो शुक्रवार

परवा ऑफिसातल्या एका ज्युनिअरने माझा हेडफोन कानाला लावला आणि दोन मिनिटांत काढून ठेवला. ''सर, रेकॉर्डिंग खराब आहे का हो?''

खराब नाही रे बाबा, हा 'द इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड' आहे! गाणं मध्येच चाल बदलतं, आवाज सुराच्या कडेकडेने भटकतो आणि गिटारीला साथ मोरोक्कोच्या 'गिंब्री' नावाच्या तंतुवाद्याची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हेच म्हणालो होतो.

रॉबिन विल्यमसन, माइक हेरन आणि क्लाइव्ह पामर हे तिघं स्कॉटलंडमध्ये जमले. १९६६ साली पहिला अल्बम आला, निर्माता जो बॉइड. आता कोणीही शहाणा माणूस पुढच्या अल्बमच्या तयारीला लागेल की नाही? छे! पामर चक्क अफगाणिस्तान आणि भारताच्या वाटेला लागला, विल्यमसन मोरोक्कोला गेला. करिअर प्लॅनिंगचा सगळा आनंदच. पण विल्यमसन परतला तो वाद्यं घेऊन. मग त्याने आणि हेरनने १९६७ मध्ये दुसरा अल्बम केला. त्यात नाझिर जयराजभॉय या भारतीय वंशाच्या संगीत-अभ्यासकाची सतारही ऐकू येते. १९६८ चा 'द हँगमन्स ब्युटिफुल डॉटर' तर ब्रिटनच्या चार्टवर ५ व्या नंबरपर्यंत पोचला, ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

आणि मग आलं वुडस्टॉक.

१५ ऑगस्ट १९६९, शुक्रवार. पाऊस सुरू झाला. आमची मंडळी म्हणाली, पावसात नाही वाजवणार. विजेची वाद्यं सोबत होती, म्हणजे भीती काही खोटी नव्हती. त्यांच्या जागी मेलनी नावाची फारशी कोणाला ठाऊक नसलेली मुलगी एकटी गिटार घेऊन उभी राहिली. समोर पावसात मेणबत्त्या पेटलेल्या. त्या रात्रीने तिला स्टार केलं. आपला बँड दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास वाजला, रॉकची वाट बघणाऱ्या पब्लिकसमोर. रंग भरला नाही. १९७० च्या गाजलेल्या फिल्ममध्ये ते नाहीतच. बॉइडने २००६ च्या 'व्हाइट बायसिकल्स' या आठवणींच्या पुस्तकातही ही सल लिहून ठेवली आहे.

हा किस्सा मला छळतो, कारण माझाही असा एक शुक्रवार आहे. सहा वर्षांपूर्वी साहेबांनी विचारलं, ''सिंगापूरला जातोस?'' घरी बाबांचं ऑपरेशन ठरलेलं. मी म्हटलं, ''महिनाभर थांबता येईल का?'' नाही थांबता आलं. शेजारच्या टेबलावरचा गेला. आज तो माझा बॉस आहे. चांगला आहे, म्हणून तर जास्त त्रास होतो!

पण बँडची गोष्ट तिथे संपत नाही. १९७४ मध्ये ते फुटले खरे, पण लेड झेपेलिनचा रॉबर्ट प्लँट त्यांचं ऋण मोकळेपणाने मानतो. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी बँडवरच्या २००३ च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. रेडिओवर आवडती गाणी निवडायची वेळ आली तेव्हाही त्यांनी यांचंच 'द हेजहॉग्ज साँग' निवडलं. एवढा मोठा धर्मगुरू, आणि निवडलं काय, तर काटेरी प्राण्याचं गाणं!

हुकलं ते हुकलंच. त्याला 'जे होतं ते चांगल्यासाठी' असलं स्टिकर मी चिकटवणार नाही. पण ते पहिले अल्बम वुडस्टॉकच्या आधीच तयार होते. त्या पावसाने त्यांतला एकही सूर पुसला नाही. माझ्या त्या महिन्याचं म्हणाल, तर बाबा आज रोज संध्याकाळी टेकडी चढतात.

काल ज्युनिअर पुन्हा टेबलाशी आला. ''सर, ते खराब रेकॉर्डिंग... एकदा परत लावता?''