एका दिवसाचे गवंडी

मागच्या वर्षी एका शनिवारी पहाटे साडेपाचला मी सॅन डिएगोतल्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये कुडकुडत उभा होतो. हातात कॉफी, डोळ्यांवर झोप. आता देवळात वर्षातून दोनदा, तेही आईचा फोन आला की जाणारा माझ्यासारखा माणूस चर्चच्या दारात काय करत होता? तर टीममधल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं. "तिहुआनाला घर बांधायला जातोय, एका दिवसाचं काम आहे, येतोस का? प्रार्थना वगैरे करायची सक्ती नाही." तिहुआना म्हणजे मेक्सिको, म्हणजे परदेश. आम्हाला अर्ध्या तासाच्या अंतरावर. म्हटलं चला, वीकांताला नाहीतरी कपडे धुण्यापलीकडे काय करतो आपण?

आम्ही बावीस जण होतो. जाताना सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. (परतीच्या रांगेत मात्र तीन तास गेले, आणि त्या तीन तासांत कोण कुठल्या बाजूचं हे व्यवस्थित कळलं.) शहराच्या कडेच्या टेकड्यांवर वस्ती. उतार खचू नये म्हणून जुन्या टायरांच्या भिंती रचलेल्या. काही घरांच्या भिंती म्हणजे चक्क अमेरिकेतल्या गॅरेजची जुनी दारं! पाणी टँकरचं, पिंपात भरून ठेवलेलं. दोन मिनिटं मला वाटलं आपण पुण्याच्याच एखाद्या टेकडीवर आहोत.

शुक्रवारी दुसऱ्या गटाने कोबा घातला होता. आम्ही लाकडी चौकटी उभ्या करून त्यावर प्लायवूड ठोकायचं. रविवारी तिसरा गट येऊन जाळी मारून गिलावा करणार. दोन खोल्यांचं घर. ज्यांचं घर, ते नवरा-बायको आणि तीन मुलं बाजूला उभी. नवरा कारखान्यातली पाळी बुडवून आलेला, आणि त्याला कुणी काही करूच देत नव्हतं. "तुम्ही बसा, तुम्ही बसा." स्वतःचं घर बांधलं जात असताना धडधाकट माणसाने खुर्चीत बसून राहायचं, हे किती अवघड असतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझी जोडी लागली पन्नाशीच्या एका अबोल गृहस्थांशी. ते तिथलेच, शेजारच्या गल्लीतले, पेशाने सुतार-गवंडी. आमच्यावर लक्ष ठेवायला त्यांना बोलावलेलं. मी आयुष्यात कीबोर्डपेक्षा जड काही रोज उचललेलं नाही. माझा प्रत्येक तिसरा खिळा वाकडा. ते नुसते बघायचे आणि हसायचे. जेवताना सहकाऱ्याच्या मोडक्या स्पॅनिशमधून त्यांना विचारलं, "तुम्ही चौघांनी हे घर किती दिवसांत बांधलं असतं?" त्यांनी चार बोटं दाखवली.

संध्याकाळी सगळ्यांनी हात धरून गोल केला, प्रार्थना झाली, घरमालकीण रडली, आमच्यातल्याही दोघी-तिघी रडल्या. मी मान खाली घालून उभा होतो. खरं सांगतो, मलाही भरून आलं. व्हॅनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की जॅकेट राहिलं. धावत परत गेलो तर ते गृहस्थ ओळंबा लावून माझी भिंत तपासत होते आणि एकेक खिळा उपटून नीट ठोकत होते. मला बघून ओशाळले. ओशाळायचं कुणी होतं, आणि ओशाळलं कोण!

तर मंडळी, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

थोडं वाचल्यावर कळलं की ही शंका नवी नाही. एक अंदाज असा आहे की २००० च्या दशकात दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्चसदस्य अशा परदेशी सेवा-सहलींना जात. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली, तेव्हा तिथेही असे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा हिशेब मांडला. हा स्वतः ख्रिस्ती, होंडुरासमध्ये राहणारा, म्हणजे बाहेरून दगड मारणारा नव्हे. गटाचा विमानप्रवास वगैरे धरून एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडत होते. स्थानिक संस्था तसंच घर २,००० च्या आसपास बांधत होत्या. घर मिळालेल्यांच्या आयुष्यात पुढे काही फरक? घर कुणी बांधलं यावर काहीही अवलंबून नव्हतं.

त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या पाद्र्याने मेक्सिकोतच अमेरिकन स्वयंसेवकांसमोर उभं राहून त्यांना सुनावलं होतं: बघायला या, शिकायला या, पण मदतीच्या नावाखाली येऊ नका.

इथे आपल्याकडचे काही लोक लगेच म्हणतील, "बघ, मिशनरी म्हणजे हे असंच." थांबा. मला उलटंच म्हणायचंय. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि १६१९ मध्ये वारले. चाळीस वर्षं. मधल्या काळात आपली भाषा इतकी शिकले की त्यांचं क्रिस्तपुराण आजही मराठी वाङ्मयात मोजलं जातं. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये तिथेच गेल्या. डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात मिरजेत दवाखाना काढला तो १९२८ पर्यंत चालवला. माझ्या पणजोबांचं मूतखड्याचं ऑपरेशन मिरजेलाच झालं होतं. घरात "बाटवतील" म्हणून रडारड, आणि पणजोबा बरे होऊन, जानव्यासकट परत! त्या लोकांचा हेतू धर्मप्रसाराचा होताच, आणि त्यावर वाद घालायला जागा आहे. पण ते राहिले. भाषा शिकले. आपलं काम चुकलं तर त्याचे परिणाम बघायला दुसऱ्या दिवशी ते तिथेच हजर होते.

माझ्या मते सेवा आणि सहल यात फरक आहे तो एवढाच: वाकडा खिळा कोण उपटणार?

आणि हे फक्त चर्चवाल्यांना लागू आहे असं समजून हसू नका. पुण्यात होतो तेव्हा कंपनीचा "सेवा दिवस" असायचा. एसी बस, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, एका आश्रमशाळेची भिंत रंगवायची, वडापाव, ग्रुप फोटो. तिसऱ्या वर्षी तिथले सर सहज बोलून गेले की हीच भिंत मागच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीने रंगवली होती. त्यांना हवा होता गणिताचा शिक्षक, वर्षभर, दर शनिवारी. आम्ही चाळीस इंजिनिअर होतो. एकानेही हात वर केला नाही. मीसुद्धा नाही.

हे सगळं मी सहकाऱ्याला सांगितलं. म्हटलं, "पुढच्या वेळी माझे पैसे त्या चार गवंड्यांच्या मजुरीला दे. घरमालकाच्या हातातही हातोडी दे. मी येत नाही." तो जरा दुखावला. मग शांतपणे म्हणाला, "तू त्या दिवशी आला नसतास तर हे पैसे दिले असतेस?"

नसते दिले. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. आता थोडं आहे. जायला हरकत नाही, पण पाहुणा म्हणून जावं, शिकायला जावं, आणि त्याला सेवा म्हणू नये. सेवा परत आल्यावर सुरू होते, फोटो नसलेली, कंटाळवाणी. मी दर गुरुवारी संध्याकाळी स्पॅनिश शिकतोय, क्रियापदं काही केल्या तोंडात बसत नाहीत. आणि रविवारी सकाळी, भारतात रात्र असते तेव्हा, त्या आश्रमशाळेतल्या दहावीच्या सहा पोरांना व्हिडिओ कॉलवर बीजगणित शिकवतो. आतापर्यंत अकरा रविवार झाले. दोन बुडाले. सहापैकी एक पोरगी अजून कॅमेरा लावत नाही.

बघू, चाळीसावा रविवार गाठतो का.