करपलेलीं टोकें

कुंडींतील कोवळ्या रोपाच्या पानांचीं टोकें तपकिरी होऊं लागलीं, कीं ‘पाणी कमी पडलें’ हें निदान घरोघर ठरलेलें. आम्हींही तेंच केलें, आणि बियांपासून वाढविलेल्या लिंबाच्या दोन रोपांपैकीं एक गमावून बसलों.

पाणी वाढविलें, तों डाग टोकांवरून कडांकडे सरकला. मग रोप भुकेलें असेल म्हणून रासायनिक खत घातलें. पंधरा दिवसांत पानें गळालीं. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’नें झाडांचे रोगही वात, पित्त, कफ असे निवडून मग उपचार सांगितले आहेत, आम्हीं मात्र नाडी न पाहतांच मात्रा चाटविली.

मेलेलें रोप उपसलें तेव्हां मुळें काळीं व बुळबुळीत निघालीं, आणि कुंडीच्या कांठाला आंतून पांढरीं पुटें चढलेलीं दिसलीं. आमचें पाणी विंधण-विहिरीचें, जड. पाणी उडून जातें, त्यांतील क्षार मातींत उरतात. खताचे क्षार त्यांत भर घालतात. असे क्षार सांचले म्हणजे ओल्या मातींतही रोपास पाणी ओढतां येत नाहीं. जे क्षार मुळांवाटें वर चढतात, ते पानाच्या टोकाशीं व कडेशीं सांचून तो भाग करपवितात. लिंबाच्या जातीला तर हें मुळींच सोसत नाहीं. शिवाय कुंडीखालच्या ताटलींत पाणी तुंबून राही. ती काढावी असें घरांतून दोनदां सुचविण्यांत आलें होतें. फरशी खराब होईल या सबबीवर आम्हीं तें मानलें नाहीं.

तेव्हां आधीं बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. कोरडी लागली तर तहान खरी. ओली असून जुन्या पानांचींच टोकें करपलीं असतील, तर क्षारांचा संशय घ्यावा. पालाशाच्या उणिवेनेंही असेंच दिसतें. परंतु कुंडीवर पुटें असतां खताची घाई नको. कोवळीं पानें पिवळीं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हें लक्षण बहुधा लोहाच्या उणिवेचें.

उरलेल्या रोपाचें खत बंद केलें, ताटली काढली, वरची माती खरवडली, आणि सांठविलेलें पावसाचें पाणी कुंडीच्या दुप्पट मापानें सावकाश ओतून पूर्ण निथळूं दिलें. करपलेलें टोक पुन्हां हिरवें होत नसतें. पाहावयाची ती नवी पालवी. सहा पानें फुटलीं आहेत. पैकीं एकाचें टोक किंचित् पिवळट वाटतें. त्यावर आमची नजर आहे.