लिफाफा बंद आहे का?

एका कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. मागे एक तरुणी तक्रार घेऊन आली. अर्ज ईमेलने पाठवा, असे तिला ऑफिसात सांगितले होते. ती म्हणाली, "ताई, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो संगणक विभागातच आहे. माझा अर्ज तो वाचणार नाही कशावरून?" समितीतल्या आम्हा एकीलाही उत्तर देता आले नाही. शेवटी तिने हाताने लिहून अर्ज दिला. पण पुढचे जबाब, नोटिसा, अहवाल संगणकावरूनच फिरणार होते.

२०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर, तक्रारदार स्त्रीचे आणि साक्षीदारांचे नाव जाहीर करायला मनाई करते. म्हणून आपण कपाटाला कुलूप लावतो, चौकशीच्या वेळी दार लावून घेतो. तोच कागद ऑफिसच्या नेटवर्कमधून जातो तेव्हा मात्र कूटबद्ध केलेला नसेल तर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. प्रिंटरकडे धाडलेला जबाबसुद्धा बहुतेक ठिकाणी असाच जातो. वाटेत तो टिपून वाचता येईल असे 'वायरशार्क'सारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नेटवर्कमधला बिघाड शोधायला ते रोज वापरलेही जाते.

हे विचारले की उत्तर मिळते, "अहो, हे आपले आतले नेटवर्क आहे. बाहेरचा कोण येणार?" मैत्रिणींनो, हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. घरातल्या मारहाणीबद्दल आपण वर्षानुवर्षे हेच ऐकत आलो. कामाच्या जागी त्रास देणाराही बहुधा आतलाच असतो.

खर्चाची सबबही टिकत नाही. विंडोजच्या फाइल सर्व्हरवर जाणारी-येणारी माहिती कूटबद्ध करण्याची सोय २०१२ पासून आहे. फक्त ती कोणीतरी मुद्दाम चालू करावी लागते. ती चालू करा, असे समितीने लेखी मागितले पाहिजे.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कूटबद्ध केल्याने वाटेतला लिफाफा बंद होतो. तो जिथे उघडतो त्या सर्व्हरची किल्ली ज्याच्या हातात, तो मजकूर वाचू शकतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा, किल्ली कोणाकडे? समितीच्या फाइली वेगळ्या पासवर्डने बंद असाव्यात आणि तो पासवर्ड समितीकडेच असावा. तक्रार संगणक विभागातल्या माणसाविरुद्ध असेल, तर चौकशी संपेपर्यंत त्याचे सर्व्हरवरचे अधिकार काढून घ्यावेत. ही तांत्रिक बाब म्हणून त्याच विभागावर सोपवून चालणार नाही.

आणि आपल्या संस्थांचे काय? समुपदेशनाच्या नोंदी आता आपणही संगणकावर ठेवतो. बाई आपल्याला विश्वासाने सांगते, ती आपल्या वायफायला सांगत नसते. पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न आधी स्वतःला विचारू या.