हाताशी हत्यार : खिडकीला जाळी ठोकताना

मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतणीला डेंग्यू झाला. आठवडाभर दवाखान्याच्या फेऱ्या. ती बरी होऊन घरी आली तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं. जाळी होती, पण एक कोपरा सुटला होता. डास तिथूनच आला असं काही म्हणता येत नाही. पण जाळी मीच लावली होती, नवी स्टेपल गन आणून, अर्ध्या तासात.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या सागवानी. मी 12 मिलिमीटरच्या पिना घेतल्या. लांब पीन म्हणजे पक्की, असा समज. जुन्या टणक लाकडात त्या आत गेल्याच नाहीत, पाय वाकून वरच राहिल्या. हाताच्या गनला अशा लाकडात 6 किंवा 8 मिलिमीटरची पीन बरी. गन दोन्ही हातांनी दाबून धरा, आणि पीन वर राहिलीच तर हातोडीने हलकेच बसवा. पावसाची झड लागते तिथे स्टेनलेस स्टीलच्या पिना घ्या, साध्या गंजतात.

डासांसाठी इंचाला 16 ते 18 भोकं असलेली जाळी घ्या. चौकटीपेक्षा चारी बाजूंनी दोन इंच जास्त कापा आणि कड दुमडून दुहेरी करा. पहिली पीन वरच्या बाजूच्या मध्यावर, दुसरी तिच्यासमोर खाली, मग डावी-उजवी. तिथून दर दोन इंचांवर पीन मारत कोपऱ्यांकडे सरका, जाळी ताणत ताणत. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये झोळ पडतो. पीन थोडी तिरपी मारा, म्हणजे जाळीचे जास्त धागे धरले जातात.

शेवटी वरून लाकडाची बारीक पट्टी बसवा. तिला आधी ड्रिलने बारीक भोकं पाडा, नाहीतर खिळा मारताना पट्टी चिरते. खरी पकड या पट्टीची. पिना फक्त जाळी जागेवर धरतात. माकडांसाठी जाड वेल्डेड जाळी लावायची असेल तर गनचा उपयोग नाही. तिथे यू खिळे किंवा वायसर घालून स्क्रू.

चष्मा आणि हातमोजे घाला. गन कुणाकडेही रोखू नका. विजेच्या गनमध्ये पीन अडकली तर आधी वीज बंद करा, मग उघडा.

यंदा दुसऱ्यांदा जाळी लावली तेव्हा पुतणीनेच ती ताणून धरली. चार खिडक्यांना अख्खा रविवार गेला. शेवटी तिने प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली, "काका, इथे अजून एक मारा." मारली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा संध्याकाळी खिडकी लावून भागत नाही. तुमच्याही घरचे कोपरे आजच दाबून पाहा.